लहानपण मागताना

चंदीगडच्या उत्तर टोकाला, जिथे शहराचे आखीव रस्ते संपतात आणि शिवालिकच्या टेकड्या दिसू लागतात, तिथे धातूचा एक प्रचंड हात आकाशाकडे उघडलेला आहे. उच्च न्यायालय, विधानभवन आणि सचिवालय यांच्या गंभीर सान्निध्यात उभ्या असलेल्या या शिल्पाची उंची २६ मीटर आहे. वारा वाहील तसा तो हात वळतो. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने हे शहर रेखाटले तेव्हाच या हाताचेही स्वप्न पाहिले होते. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा त्याचा अर्थ त्याने सांगितला होता. १९६५ साली तो वारला. हात प्रत्यक्ष उभा राहिला तो त्यानंतर २० वर्षांनी, १९८५ मध्ये.

या शहराचा जन्मच नव्या प्रारंभाच्या इच्छेतून झाला. १९४७ च्या फाळणीत पंजाबने लाहोर गमावले. राजधानी गेली आणि घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांना नव्याने उभे राहायचे होते. पंडित नेहरूंना या ठिकाणी जुन्या परंपरांच्या ओझ्यातून मोकळे झालेले शहर हवे होते. मात्र ज्या जमिनीवर हे कोरे शहर आखले गेले ती जमीन कोरी नव्हती. तिथे गावे होती, शेते होती, आमराया होत्या, आणि जवळच चंडीचे देऊळ होते. गावे उठली, देवीचे नाव तेवढे शहराला मिळाले. माणसाच्या आयुष्यातला प्रत्येक नवा प्रारंभ थोडाफार असाच असतो. कोणीतरी उठवले जाते, आणि जुने काहीतरी नावाच्या रूपाने मागे राहते.

उतारवयात काही काळ मला या शहरात राहावे लागले. त्या उघड्या हाताकडे पाहताना माझे मन नेहमी त्याच्या अर्थाच्या दुसऱ्या भागापाशी अडखळे. देण्यासाठी हात उघडणे प्रौढ माणसाला फारसे जड जात नाही. देणारा मोठा असतो, निदान त्या क्षणापुरता तरी. घेण्यासाठी हात पुढे करणे मात्र जड जाते. त्यात आपल्याजवळ काही नाही ही कबुली असते.

याचा एक क्षुल्लक अनुभव सांगतो. पंजाबच्या बसगाड्यांवरच्या पाट्या गुरुमुखीत असत आणि मला ती लिपी येत नव्हती. शेजारच्या घरातला सातआठ वर्षांचा एक मुलगा मला ती शिकवू लागला. ऊडा, ऐडा, ईडी असा तो म्हणायचा आणि मी त्याच्यामागून म्हणायचो. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेला माणूस मी. पण त्या मुलाच्या पाटीपुढे माझे अक्षर वाकडे येई, आणि तो निःसंकोचपणे हसे. पहिले चार दिवस त्या हसण्याने मी मनातून दुखावला जात असे. पाचव्या दिवशी मीही हसलो. त्या दिवसापासून अक्षरे भराभर डोक्यात बसू लागली. शिकण्याच्या आड माझे वय येत नव्हते, माझा मोठेपणा येत होता, हे मला त्या मुलाच्या ओट्यावर कळले.

शुभवर्तमानातला एक सुपरिचित प्रसंग मला त्यानंतर निराळ्या रीतीने वाचता आला. लोक आपली मुले येशूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावत होते. गुरूचा वेळ मोलाचा, तो पोरासोरांत जाऊ नये, असा त्यांचा व्यवहारी विचार असावा. येशू शिष्यांवरच रागावला. देवाचे राज्य अशांचेच आहे, आणि बालक जसे घेते तसे जो ते घेणार नाही त्याला त्यात प्रवेश नाही, अशा अर्थाचे काही तो बोलला आणि त्याने मुलांना कवेत घेतले. या प्रसंगाची चित्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत. गोबऱ्या गालांची, निष्पाप डोळ्यांची मुले त्यांत असतात, आणि बालकासारखे होणे म्हणजे निष्पाप होणे असा समज त्या चित्रांनी आपल्या मनात रुजवला आहे.

ज्याने मुले वाढवली आहेत त्याला हा समज टिकवणे कठीण आहे. मूल हट्टी असते, मत्सरी असते, प्रसंगी क्रूरही असते. मग येशूने मुलात काय पाहिले? मला वाटते, त्या काळच्या समाजात मुलाला कसलेच स्थान नव्हते, हे त्याने पाहिले. मुलाच्या गाठी पुण्य नसते, विद्या नसते, कुळाचा अभिमान अजून त्याला समजलेला नसतो. कोणी भाकरी दिली तर आपण तिला पात्र आहोत काय हा प्रश्न त्याला पडत नाही; ते हात पुढे करते आणि घेते. दुसऱ्या एका प्रसंगी, आपल्यात थोर कोण असा प्रश्न शिष्यांनी काढला तेव्हा येशूने एक मूल उचलून त्यांच्या मध्यभागी उभे केले. मोठेपणाच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते.

मराठी वाचकाला हे उत्तर परके वाटण्याचे कारण नाही. तुकोबांनी देवाकडे लहानपणच मागितले होते. मुंगीला साखरेचा कण मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार सोसावा लागतो, हा त्यांचा दृष्टान्त आपल्या घराघरांत बोलला जातो. आपल्या भाषेने या शब्दात दोन अर्थ एकत्र बांधले आहेत. लहानपण म्हणजे बाल्य, आणि लहानपण म्हणजे लघुता. बाल्य गेलेले परत येत नाही. ते आठवून आपण हळवे होतो एवढेच. लघुता मात्र कोणत्याही वयात पत्करता येते. विश्वासाच्या क्षेत्रात बालकासारखे होणे याचा अर्थ या दुसऱ्या लहानपणात शोधला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आणि हे लहानपण फुकट मिळत नाही, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक वृद्ध विद्वान रात्रीच्या वेळी येशूला भेटायला येतो. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसणार नाही असे येशू त्याला सांगतो, तेव्हा तो विचारतो की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसे शिरावे. प्रवचनकार निकदेमाला बहुधा मंदबुद्धी ठरवतात. मला त्याचा प्रश्न फार प्रामाणिक वाटतो. साठ वर्षे जगलेल्या माणसाजवळ साठ वर्षांचे काही असते. घर असते, देणे असते, सवयी असतात, त्याच्या भरवशावर जगणारी माणसे असतात. त्या सगळ्यांचे काय करून त्याने नवे व्हायचे? उदरात परत शिरता येत नाही म्हणजे झालेले आयुष्य पुसता येत नाही, एवढेच तो म्हणत असेल तर तो चुकला असे कोण म्हणेल?

निकदेमाच्या या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा माणसांत शोधावे. आपल्या महाराष्ट्रात तो प्रश्न काही माणसांनी जगून पाहिला, आणि सुदैवाने त्याची साक्षही लिहून ठेवली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांतले एक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले हे कवी मराठी वाचकाला फुलामुलांचे कवी म्हणून माहीत आहेत. धर्माविषयीचे त्यांचे चिंतन तरुणपणापासून चालू होते आणि जातिभेदाने त्यांचे मन अस्वस्थ होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनापर्यंत ते आले आणि तिथे खिळून राहिले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय ३३ वर्षांचे. संस्कृतज्ञ, वक्ता आणि कवी म्हणून मिळवलेली प्रतिष्ठा एका दिवसात गेली. नातलगांनी दारे लावली. नव्या समाजात ते नवखे होते.

टिळकांच्या या धाडसाचे कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्यांच्या पत्नीला या निर्णयात वाटा नव्हता. पदरी मूल होते. ज्या बातमीने नवऱ्याचे आयुष्य नव्याने सुरू झाले, त्याच बातमीने लक्ष्मीबाईंचे होते ते आयुष्य कोसळले. सवाष्ण असून त्या नवऱ्यावाचून राहिल्या. नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात, लोकांच्या दयेचा आणि कुजबुजीचा विषय होऊन. त्या काळातली त्यांची सैरभैर अवस्था त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे.

याच पुस्तकात टिळकांचे जे चित्र आहे त्यात बालभाव आणि बालिशपणा यांची सरमिसळ झालेली आहे. हा माणूस न सांगता घरातून निघून जातो, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकतो, क्षणात रागावतो आणि क्षणात निवळतो. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत सांगितले आहे, म्हणून आपणही हसतो. पण ते हसू कडेला ठेवले तर एक नैतिक प्रश्न उरतो. कोरा झालेला माणूस आपल्या नव्या पानावर लिहू लागतो तेव्हा जुन्या पानावर ज्यांची नावे होती त्यांचे काय? ज्याला मोकळे मन म्हणतात ते दुसऱ्याच्या जिवावर मोकळे झालेले असू शकते. भिक्षा मागणाऱ्या गोसाव्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत बसलेले असते, हे आपल्या परंपरेने कितीदा लक्षात घेतले? टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही, ती पुन्हा आपल्याजवळ यावी म्हणून त्यांनी धीर धरला, हे त्यांच्या बाजूचे आहे आणि ते मोठे आहे. तरीही झालेली जखम त्याने न झाल्यासारखी होत नाही.

माझ्या मते या घरातला खरा नवा जन्म लक्ष्मीबाईंचा आहे. तो सावकाश झाला, म्हणूनच तो नीट पाहता येतो.

१८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात गोखल्यांच्या घरी जन्मलेल्या मनूचे बालपण सोवळ्याच्या सावलीत गेले. आजोबांना १८५७ च्या उठावात फाशी झाली होती. त्या आघाताने वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही, कुणाचा स्पर्श व्हायचा नाही, अशी त्या घराची शिस्त. आजच्या वाचकाला हे विनोदी वाटते आणि लक्ष्मीबाईंनी ते विनोदानेच सांगितले आहे. पण त्या विनोदाखाली भय आहे. जग आपल्याला विटाळील, आपल्यापासून काही हिरावून नेईल, या भयाने आवळलेली मूठ म्हणजे ते सोवळे. तशा मुठीत वाढलेली आणि वयाच्या अकरा वर्षांच्या सुमारास लग्न झालेली ही मुलगी. तिच्याकडून मन उघडण्याची अपेक्षा कोणी करावी?

टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्या त्यांच्याजवळ राहू लागल्या तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर होते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याचा धर्म तो नवऱ्याचा. आणि मग एकदा, कोणी उपदेश करीत नसताना, त्या आपल्याशीच विचार करू लागल्या. जात कोणी केली? देवाने केली असती तर माणसामाणसांच्या शरीरात काही फरक दिसला असता. पशूंमध्ये जाती दिसतात, तशा माणसांत दिसत नाहीत. मग ही माणसांनीच केलेली दिसते. असा काहीसा तो विचार होता, आणि त्याच्या शेवटी त्यांनी ठरवले की आता कुणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. ख्रिस्ती होण्याच्या आधी त्यांनी टाकलेले हे पाऊल आहे. पुढे टिळकांच्या मागून सुमारे पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी मुलासह बाप्तिस्मा घेतला. त्यांची वाट नवऱ्याच्या वाटेहून निराळी होती. पोहोचल्या त्या त्याच ठिकाणी, पण स्वतःच्या पायांनी.

दुसऱ्याच्या हातून पाणी घेणे ही किती लहान गोष्ट आहे! जिच्या घरी जिन्नस धुऊन घेत, तिच्यासाठी तो हात पुढे करणे म्हणजे आजोळ, माहेर, वडिलांचे वेड आणि त्या वेडामागचे दुःख या सगळ्यांपासून एक पाऊल दूर जाणे होते. येशूने मुलात जे पाहिले असे मी वर म्हटले ते इथे प्रत्यक्ष दिसते. देणाऱ्याची जात न विचारता मूल जसे घेते, तसे घेणे. लक्ष्मीबाईंच्या नव्या जन्माची खूण बाप्तिस्म्याच्या पाण्याइतकीच या पिण्याच्या पाण्यातही आहे.

आणि त्यांची पाटी पुढेही कोरीच राहिली, चांगल्या अर्थाने. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. जोडाक्षरांशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. पन्नाशी उलटलेल्या या बाईंनी ते हाती घेतले आणि पूर्ण केले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने ग्रंथरूपात आली. त्यांच्या आयुष्याची ती शेवटची वर्षे होती; १९३६ साली त्या वारल्या. मराठी गद्याला त्यांनी जे दिले ते पंडितांना देता आले नव्हते, कारण आपल्याला काही येत नाही या जाणिवेची त्यांना लाज वाटत नव्हती. वाकड्या अक्षराला हसणाऱ्यांबरोबर त्या स्वतःही हसल्या.

टिळकांच्या घरी अहमदनगरला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा मुलगा येऊन राहिला होता. मराठी कविता त्याला बालकवी या नावाने ओळखते. टिळक दांपत्याने त्याला लेकरासारखे सांभाळले. तो हिंदूच राहिला आणि त्या घरात त्यामुळे काही उणे पडले नाही. मन उघडे असणे म्हणजे समोरच्याला आपल्यासारखे करून घेणे नव्हे, याची ही घरगुती साक्ष आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण लक्ष्मीबाईंच्या उलट टोकाचे. लक्ष्मीबाईंच्या पाटीवर अक्षरे थोडी होती. रमाबाईंची पाटी अक्षरांनी भरून गेली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून त्यांच्या घरातल्या बायकांना संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे लग्न, मुलगी आणि थोड्याच काळात वैधव्य. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लोकांच्या दृष्टीने त्यांचे नवे आयुष्य त्या दिवशी सुरू झाले. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र नाही. पुढे १९०७ साली लिहिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. हे लिहिणारी बाई त्या वेळी जगभर प्रसिद्ध होती, शारदा सदन तिने १८८९ मध्येच काढले होते, केडगावच्या मुक्तीत असंख्य निराधार स्त्रिया आणि मुली तिच्या आश्रयाला होत्या. तिने आपण एकदा अर्धवट सुरुवात केली होती असे जाहीरपणे म्हणावे, याला जे लहानपण लागते ते मला कोणत्याही पदवीहून दुर्मीळ वाटते.

पुढे त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या. संस्कृतची सरस्वती पुन्हा नवख्या लिपीची मुळाक्षरे गिरवीत बसली. भाषांतर करताना त्यांनी संस्कृतप्रचुर भाषा बाजूला ठेवली, कारण ज्या बायकांसाठी ते करायचे होते त्यांना ती कळली नसती. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. एखाद्या पंडिताला नवा शब्द मिळवताना जितका आनंद होतो तितकेच कष्ट जुना शब्द खाली ठेवताना होत असतील. रमाबाईंनी तो खाली ठेवला.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. बालकासारखे व्हा, हा उपदेश सत्ताधाऱ्यांना फार सोयीचा असतो. धर्माच्या नावाने माणसांना अज्ञानात ठेवायचे असेल, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचे असेल, तर मुलासारखा विश्वास ठेवा असे सांगणे पुरते. हे सर्व धर्मांत झाले आहे आणि ख्रिस्ती धर्म त्याला अपवाद नाही. विश्वासून राहिलेल्यांचा, त्यांतही खऱ्याखुऱ्या मुलांचा, विश्वासघात झाल्याच्या कहाण्या आपल्या काळाने जगभर ऐकल्या आहेत.

पण असे सांगणाऱ्यांनी मूल कधी जवळून पाहिलेले नसते. मूल जितके विश्वासाने घेते तितक्याच हट्टाने ‘का’ विचारते. इंग्लंडमध्ये असताना रमाबाईंनी आपल्या आध्यात्मिक वडीलधाऱ्यांशी, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टींवर पत्रांतून कडाडून वाद घातला. न पटलेली गोष्ट केवळ सांगितली म्हणून मानण्यास त्यांनी नकार दिला. एका पुरोहितशाहीतून सुटून आपण दुसरीच्या हाती पडणार नाही, असा त्यांचा बाणा होता. लक्ष्मीबाईंनी जात कोणी केली हे विचारले. तो प्रश्नही मुलाचाच. पौलाने करिंथकरांना समजावले होते की दुष्टपणाच्या बाबतीत बालके असावे आणि समजुतीच्या बाबतीत प्रौढ. लहानपणाचा अर्थ डोळे मिटणे असा घेतला तर त्यातले मूलच नाहीसे होते.

आता पुन्हा निकदेमाच्या शंकेकडे वळू. झालेले आयुष्य पुसता येत नसेल तर नवा जन्म कसा? या माणसांचे उत्तर असे दिसते की जुने पुसावे लागतच नाही, ते हातातून सोडावे लागते आणि पुढे अनेकदा दान म्हणून परत मिळते. टिळकांनी ब्राह्मण्य सोडले, पण तुकाराम सोडला नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन आणले. त्यांच्या कितीतरी आधी, १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आपली भाषा मुळापासून शिकून ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये छापले गेले. एकाने परके ते शिष्य होऊन घेतले, दुसऱ्याने आपलेच जुने नव्या हातांनी घेतले.

चंदीगडहून फार दूर नसलेल्या लुधियाना भागातील रामपूर गावी १८८९ साली जन्मलेला शीख कुटुंबातला सुंदरसिंग याच वाटेने गेला. पोरवयात त्याने संतापाने बायबलची पाने जाळली होती. १९०५ साली, सोळाव्या वाढदिवशी, त्याने सिमल्याला बाप्तिस्मा घेतला आणि लवकरच अंगावर भगवी वस्त्रे चढवली. साधूचा वेष त्याने टाकून दिला नाही, उलट तोच आपला पोशाख केला. १९२९ साली तिबेटच्या वाटेवर तो दिसेनासा झाला. चंडीचे नाव मिरवणाऱ्या शहरात बसून मला त्याची आठवण अनेकदा येई.

नवा प्रारंभ एकदा करून भागत नाही, हेही टिळकांच्या चरित्रातून दिसते. बाप्तिस्म्याला २० वर्षे उलटून गेल्यावर, मिशनमध्ये मान, वेतन आणि स्थैर्य मिळाल्यावर, १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी तिथे भावंडांसारखे एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. त्यांना पुढे दोनच वर्षे मिळाली. प्रयोग फळाला आला की नाही हा हिशेब इतिहासकार करोत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बसलेली घडी मोडून, ते पुन्हा पहिल्या अक्षरापाशी जाऊन बसले. या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. पहिल्या प्रारंभात जे चुकले होते ते दुसऱ्यात थोडे तरी दुरुस्त झाले, असे मानायला मला आवडते.

निकदेम त्या रात्री काय मनात घेऊन परतला हे योहान सांगत नाही. पण तो पुढे दोनदा दिसतो. एकदा सभेत, आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये एवढेच तो दबक्या आवाजात म्हणतो. शेवटी, शिष्य पांगले असताना, तो येशूच्या मृत शरीरासाठी गंधरस घेऊन उघडपणे येतो. त्याचा नवा जन्म झाला असेल तर तो असा, हळूहळू, उशिरा झाला. ज्यांना उशीर झाला आहे अशा आपल्यासारख्यांना त्याचा मोठा आधार आहे.

चंदीगडच्या त्या शिल्पाभोवती जमिनीच्या पातळीखाली एक खोलगट जागा केलेली आहे. माणसांनी तिथे जमावे, विचारविनिमय करावा, अशी शिल्पकाराची कल्पना होती. खाली उभे राहिले की आपण फार लहान होतो आणि हात फार उंच दिसतो. शहर सोडण्यापूर्वी एका संध्याकाळी मी तिथे गेलो तेव्हा डोंगराकडून वारा सुटला होता. हात कुरकुरत थोडा वळला आणि थांबला. वारा कुठून येतो आणि कुठे जातो हे कळत नाही, आत्म्याने जन्मलेल्याचेही तसेच असते, असे येशूने त्या रात्री निकदेमाला समजावले होते.

परतताना बसच्या कपाळावरची पाटी मी अडखळत, एकेक अक्षर लावत वाचली. पाटी बरोबर वाचली की चूक, हे विचारायला तो मुलगा जवळ नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सरदारजींना विचारले. त्यांनी हसून दुरुस्ती केली, आणि मी ती घेतली.